जंगलातून नदीकाठी आणि परत: पहिल्या गोल फेरीची तयारी

जंगलातून उतरत नदीवर जायचं, काठाकाठाने थोडं चालायचं आणि दुसऱ्या वाटेने सुरुवातीच्या जागी परत यायचं. नवख्या माणसाने पायी भटकायला सुरुवात करावी ती अशाच फेरीने, असं माझं मत आहे. सावली असते, अंतर पाच-सात किलोमीटरच्या आत असतं, मध्यावर बसायला पाणी आणि मोकळं आकाश मिळतं. नकाशावर किंवा पाटीवर ‘सोपी वाट’ असं लिहिलेलं असतं आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. फक्त तो सोपेपणा दोन्ही अर्ध्यांत सारखा वाटलेला नसतो.

डोंगरावर जाताना चढ आधी येतो. दम लागला की माणूस तिथूनच मागे फिरतो आणि पुढे सगळा उतारच असतो. नदी मात्र परिसरातल्या सगळ्यांत खालच्या जागेतून वाहते. जाताना उतार, म्हणून पाय आपोआप पडत जातात; चढ सगळा परतीला, पाय दमल्यावर आणि ऊन कलल्यावर. शिवाय नदी ही नकाशावरची लांब रेघ आहे. थोडं डावी-उजवीकडे भरकटलात तरी कुठेतरी ती आडवी येणारच. पार्किंगची जागा हा एक ठिपका आहे, आणि ठिपका सहज हुकतो. म्हणून या फेरीचं नियोजन काठापासून घरच्या दिशेने करायचं. पुढच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

१. नकाशावर आधी नदी वाचा, मग वाट

आदल्या दिवशी शांतपणे नकाशा उघडा. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा असलेला नकाशा मिळाला तर उत्तम. त्या रेषा जिथे दाटीने येतात तिथे उतार तीव्र, जिथे विरळ तिथे सौम्य. ओढा ओलांडताना या रेषांना कोपरा येतो आणि त्याचं टोक नेहमी वरच्या बाजूला, म्हणजे पाणी जिथून येतं तिकडे असतं. एवढं कळलं तरी वाट कुठे उतरते, कुठे ओढा ओलांडते, काठावरचा पट्टा किती लांब आहे हे घरबसल्या समजतं.

यानंतर नदीचं वळण बघा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी वेगाने आपटतं, काठ पोखरतं, तिथे खोली जास्त आणि कडा उभा असतो. आतल्या बाजूला वेग मंदावतो, वाळू-गोटे साचतात, काठ हळूहळू पाण्यात उतरतो. बसायची जागा निवडायची असेल तर आतल्या वळणाची. तुमची वाट बाहेरच्या वळणाच्या अगदी कडेने जात असेल तर तो तुकडा खचलेला असण्याची शक्यता मनात धरून चला, कारण नकाशा छापल्यापासून नदीने तिथे काम चालूच ठेवलेलं असतं.

आता दिशा ठरवा. गोल फेरी दोन्ही बाजूंनी करता येते. कोणती बाजू आधी घ्यायची याचे दोन निकष आहेत. एक, तीव्र उताराची बाजू चढायला ठेवावी, कारण पाय घसरतो तो बहुधा उतरताना. दोन, ज्या बाजूला जास्त फाटे आहेत ती आधी घ्यावी, डोकं ताजं असताना. या दोन निकषांचं आपसांत जमलं नाही तर? जमीन ओली असेल तर उताराचा विचार आधी, कोरडी असेल तर फाट्यांचा.

२. वेळेचा हिशेब उलटा मांडा

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा आडाखा मांडला. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. हा आडाखा सवयीच्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. नवख्यांनी आलेला आकडा दीडपट करावा.

उदाहरण घेऊ. उतरण अडीच किलोमीटर, काठाचा पट्टा एक किलोमीटर, परतीचा चढ अडीच किलोमीटर, उंचीतला फरक १२० मीटर. परतीच्या चढाला अर्धा तास अंतराचा आणि १२ मिनिटं चढाची, म्हणजे ४२. दीडपट केल्यावर ६३ मिनिटं. काठाच्या पट्ट्याला १२ ची दीडपट, १८ मिनिटं. आता एक शक्यता धरा: काठाचा पट्टा संपता संपता वाट पाण्याखाली गेलेली आहे आणि तुम्हाला आल्या वाटेने परत जायचं आहे. तेव्हा १८ पुढे, १८ मागे, आणि वर ६३. एकूण ९९ मिनिटं.

सूर्यास्त साडेसहाला असेल तर साडेपाचला जंगलाबाहेर असायला हवं. झाडांखाली अंधार मोकळ्या जागेपेक्षा बराच आधी दाटतो. साडेपाचमधून ९९ मिनिटं वजा केली की तीन वाजून ५१ मिनिटं. म्हणजे काठावर पोहोचलात, बसलात, खाल्लंत, सगळं केलंत तरी पावणेचारला तिथून उठायचं. ही वेळ कागदावर लिहा आणि फोनमध्ये तिचा गजर लावा. ‘अजून पाच मिनिटं’ म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतो. त्याच्याशी वाद गजराने घालावा.

सकाळी लवकर निघालात तर हे सगळं फारच सैल होतं, आणि पहिल्या फेरीला तेच करावं. पण अगदी पहाटेच्या अंधारात काठावर पोहोचायचा अट्टहास नको. नदी हा जनावरांचाही पाणवठा असतो आणि पहाट व तिन्हीसांज या त्यांच्या वेळा.

३. निघण्याआधीची चौकशी आणि कागद

हवामानाचा अंदाज बघताना बहुतेक जण आपण जाणार त्या जागेचा बघतात. नदीच्या बाबतीत ते पुरत नाही. तुमच्या डोक्यावर निरभ्र आकाश असताना वरच्या खोऱ्यात पडलेला पाऊस काही तासांनी तुमच्यासमोरून वाहत जातो. वरच्या अंगाला धरण असेल तर पावसाविनाही पाणी वाढतं. म्हणून नकाशावर नदी उगमाच्या दिशेने मागे मागे बघत जा. धरण दिसलं तर पाणी सोडण्याच्या सूचना कुठे मिळतात ते शोधा. नदी समुद्राच्या जवळ असेल तर भरती-ओहोटीची वेळ बघा. ओहोटीनंतर साधारण सव्वासहा तासांनी भरती येते आणि जाताना कोरडा असलेला काठ येताना नसतो.

सोबत ठेवायचे कागद फार नाहीत:

- प्रवेशासाठी परवाना किंवा तिकीट लागत असेल तर ते. काही जंगलांत फाटक ठरावीक वेळेला बंद होतं. ती वेळ विचारून घ्या आणि दुसऱ्या पायरीतल्या हिशेबात सूर्यास्ताऐवजी तीच धरा.
- ओळखपत्र.
- वाटेचा छापील नकाशा, पाण्यापासून वाचेल अशा पिशवीत.
- एका चिठ्ठीवर रक्तगट, नेहमीची औषधं, घरच्यांचा नंबर आणि त्या भागातला आपत्कालीन नंबर.

आणि एक निरोप. घरी थांबणाऱ्या एका माणसाला तीन गोष्टी लिहून पाठवा: कुठून सुरुवात, कोणत्या दिशेने फेरी, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. ‘जंगलात चाललोय, संध्याकाळी येतो’ एवढ्यावर कोणालाही तुमचा शोध घेता येत नाही.

४. पाठीवरची पिशवी

अर्ध्या दिवसासाठी छोटी सॅक पुरते. पाणी तासाला अर्धा लिटर या हिशेबाने, उन्हाळा असेल तर जास्त. नदीवर जातोय म्हणून पाणी कमी घेणं हा नवख्यांचा ठरलेला घोळ. नितळ दिसणाऱ्या पाण्यातही पोट बिघडवणारे जंतू असतात, आणि ते मारायला पाणी खळखळ उकळून किमान एक मिनिट तसंच उकळत ठेवावं लागतं. काठावर तो उद्योग कोण करणार?

बाकीचं असं: हेडटॉर्च (दुपारी परतणार असलात तरी), शिटी, चार्ज केलेली पॉवर बँक, हलका विंडचीटर किंवा रेनकोट, जास्तीचे मोजे, जखमेच्या पट्ट्या आणि क्रेप बँडेज, नेहमीची औषधं, थोडं जास्तीचं खाणं, कचऱ्यासाठी पिशवी. मोजे मी आवर्जून सांगतो. काठावर पाय भिजतातच, आणि ओल्या मोज्यांत चढ चढला की टाचेला फोड हमखास.

बुटांना खाचांचा तळ हवा. तळ गुळगुळीत झालेले जुने रनिंग शूज ओल्या पानांवर दगा देतात. पूर्ण लांबीची पँट घाला. थंडीच्या दिवसांत अंगाला लागून सुती बनियन नको, कारण सुती कापड घाम धरून ठेवतं आणि थांबलात की अंग गार पडतं.

५. सुरुवातीच्या पाटीपाशी

इथे घाई करू नका. माहितीफलकाचा फोटो काढा. वाटेच्या खुणांचा रंग आणि आकार बघून घ्या. एकाच जागेवरून दोन-तीन वाटा निघत असतील तर प्रत्येकीचा रंग वेगळा असतो. ऑफलाइन नकाशा उतरवलेला आहे ना, ते नेट बंद करून तपासा. फोनवर सुरुवातीच्या जागेची खूण साठवा आणि ट्रॅक, म्हणजे तुम्ही चाललेल्या वाटेची रेघ, नोंदवायला सुरू करा. मग फोन फ्लाइट मोडवर टाका. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, तो उपग्रहांचे संदेश नुसते ऐकतो. बॅटरी खाणारी गोष्ट म्हणजे रेंज नसलेल्या ठिकाणी रेंज शोधत राहणारा फोन. दाट झाडोऱ्यात जीपीएसचा ठिपका पाच-पंचवीस मीटर इकडेतिकडे उडतो, त्याने घाबरायचं नाही. वाट पायाखाली दिसत असेल तर वाटेवर विश्वास ठेवा.

६. उतरताना: मागे वळून बघा

उतरणीवर वेग आपोआप वाढतो आणि फाटे नजरेतून सुटतात. प्रत्येक फाट्यावर थांबा. पुढे खूण दिसते का ते बघा, आणि मग मागे वळून तुम्ही जिथून आलात ती वाट बघा. काठाचा पट्टा बंद असल्यामुळे याच वाटेने चढून यायची वेळ आली तर तुम्हाला तेच दृश्य दिसणार आहे, आणि वाट मागून अगदी वेगळी दिसते. मोठं वठलेलं झाड, दुभंगलेला खडक, ओढ्यावरचं लाकूड असं काहीतरी मनात टिपून ठेवा. फोटो काढला तर आणखी बरं.

पाच-दहा मिनिटं एकही खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत परत जा. ‘जाऊन तरी बघू, नदी काय, खालीच आहे’ हा विचार इथे फार मोहात पाडतो. नदी खाली आहे हे खरं, पण मधे काय आहे ते माहीत नाही. जनावरांच्या वाटा सुरुवातीला मळलेल्या पायवाटेसारख्याच दिसतात आणि मग झुडपात विरून जातात. ओढ्याचं पात्र धरून उतरणं त्याहून वाईट. ओढा सरळ उतरतो, पण त्याला कड्यावरून उडी मारायला काही वाटत नाही.

झाडाखाली थांबताना वर बघायची सवय लावा. तुटून अडकलेल्या वाळक्या फांद्या वाऱ्याने कधीही खाली येतात.

७. काठावर

पोहोचल्या पोहोचल्या पाण्याकडे धावू नका. आधी काठ वाचा.

झुडपांत, फांद्यांवर अडकलेलं वाळकं गवत, चिंध्या, प्लॅस्टिक दिसतं का? ती पुराची खूण. पाणी तिथपर्यंत चढलेलं आहे. तुमच्या डोक्याच्या वर अशी खूण दिसली तर बसायची जागा काठावर नको, वर जायला मोकळी वाट असलेल्या उंचवट्यावर घ्या. मग पाण्याच्या कडेला एखादा दगड किंवा खोचलेली काटकी धरून ठेवा आणि अधूनमधून तिच्याकडे बघा. पाणी तिला गिळायला लागलं, रंग अचानक गढूळ झाला, पानं-काटक्या जास्त वाहून यायला लागल्या, आवाज बदलला, यांपैकी काहीही झालं की सामान उचला आणि वर जा. मग खात्री करत बसू नका. धरणातून पाणी सोडण्याचा भोंगा वाजला तरी तेच.

कडेवर उभं राहणं टाळा. बाहेरच्या वळणावरचा काठ खालून पोखरलेला असतो आणि वरून गवताळ, भक्कम दिसतो. आतल्या वळणावर धोका वेगळा. पुरानंतर बसलेला ताजा गाळ वरून सुकतो, आत मऊ राहतो, आणि पाय गुडघ्यापर्यंत जातो. काठीने टोचून बघा. पाण्याच्या कडेचे हिरवट-काळपट दगड म्हणजे शेवाळ. त्यांवर पाय द्यायचाच नाही.

आता पाण्यात उतरण्याबद्दल. माझा सल्ला सरळ आहे: पहिल्या फेरीत उतरू नका. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, म्हणून घोट्याएवढ्या पाण्यात निवांत वाटणारी नदी गुडघ्याएवढ्या धारेत माणूस आडवा करते. संथ दिसणारा डोह किती खोल आहे ते वरून कळत नाही. पाणी १५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर अंग एकदम बुडताच श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर बुडायला तेवढंच पुरतं. पोहता येतं की नाही हा प्रश्न त्यानंतरचा. पाय धुवायचे तर आतल्या वळणावर, तळ स्पष्ट दिसतो तिथे, बसून. सोबत लहान मूल असेल तर ते हाताच्या अंतरावर हवं, नजरेच्या नव्हे.

कोणी पाण्यात पडलंच तर मागोमाग उडी नको. काठावर आडवं होऊन लांब फांदी, काठी, पंचा, जे मिळेल ते पुढे करा. झाकण लावलेली रिकामी बाटली फेका, तिला धरून तरंगता येतं. पडलेल्याला ओरडून सांगा की उताणा हो आणि पाय प्रवाहाच्या दिशेला ठेव. उभं राहायची धडपड वेगवान पाण्यात घातक, तळातल्या दगडांत पाय अडकतो. मदत मागताना कोणता काठ हेही सांगावं लागतं: पाणी जिकडे वाहतं तिकडे तोंड केल्यावर उजव्या हाताला उजवा काठ, डाव्या हाताला डावा. शोध घेणारे लोक हीच भाषा बोलतात.

शौचाला जायची वेळ आली तर पाण्यापासून आणि वाटेपासून किमान ६० मीटर दूर जा, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करा आणि मातीने बुजवा. कागद पिशवीत परत. साबण नदीत नको, नैसर्गिक म्हणून विकला जाणाराही नको.

८. परतीचा चढ

गजर वाजला की उठा. उठण्यापूर्वी खा, पाणी प्या, मोजे बदला.

काठाच्या पट्ट्यावर पहिली परीक्षा येते: वाट पाण्यात शिरलेली किंवा खचलेली. अशा वेळी जंगलातून ‘थोडं वरून वळसा’ घ्यायची कल्पना प्रत्येकाला सुचते. नदीकाठचं झुडूप दाट, उतार तिरका आणि माती भुसभुशीत असते, त्यामुळे थोडा वळसा बघता बघता तासाचा होतो. आल्या वाटेने परत फिरा. त्यासाठीचा वेळ तुम्ही आधीच धरलेला आहे. फेरी पुरी झाली नाही याचं वाईट वाटेल, वाटू द्या.

चढताना वेग बोलता येईल एवढाच ठेवा. गटात सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुढे काढा, म्हणजे बाकीचे त्याच्या चालीने चालतात आणि कोणी मागे एकटा राहत नाही. नदीचा आवाज हळूहळू मागे पडायला हवा. बराच वेळ चढूनही तो तेवढाच ऐकू येत असेल तर तुम्ही वर न जाता काठाला समांतर चालला आहात, नकाशा काढा.

उजेडाचा अंदाज हवा असेल तर हात सरळ लांब करून बोटं आडवी धरा आणि क्षितिज ते सूर्य यांच्यात किती बोटं बसतात ते मोजा. एका बोटाला साधारण पाव तास. आडाखा ढोबळ आहे आणि घाटात, झाडीत क्षितिज दिसत नाही, म्हणून तो काठावरून निघतानाच वापरा.

९. वाट सुटली तर

थांबा. बसा. पाणी प्या. चकवा लागलेला माणूस जितका जास्त चालतो तितकं शोधायचं क्षेत्र वाढतं. नोंदवलेला ट्रॅक उघडा आणि तो जिथे वाटेवर होता तिथपर्यंत त्याच रेघेवरून मागे जा. झाडाच्या उत्तर बाजूला शेवाळ असतं वगैरे गोष्टींवर विसंबू नका. ओलसर जंगलात ते सगळ्या बाजूंनी वाढतं.

मागे जाणं शक्य नसेल तर मोकळ्या, कोरड्या जागी थांबा आणि शिटी वाजवा. मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा, हा आल्प्सच्या डोंगरांतला संकटाचा इशारा आहे. त्याला मिनिटाला तीन असं उत्तर येतं. काही देशांत तीन शिट्या हाच मदतीचा इशारा मानतात. नदीच्या खळाळात शिटी दबते, तेव्हा पाण्यापासून थोडं वर येऊन वाजवा. फोनची रेंज थोड्या उंचीवर मिळण्याची शक्यता जास्त. बोलणं तुटत असेल तर मेसेज पाठवा, क्षीण रेंजमध्येही तो बऱ्याचदा जातो. त्यात जीपीएसचे आकडे आणि कोणता काठ ते लिहा.

गाडीपाशी पोहोचलात की बूट काढून घोटे, गुडघ्यांमागची जागा, कंबरेचा पट्टा तपासा. गवतातून चालताना गोचीड तिथे जाऊन बसते. चिकटलेली असेल तर चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ ओढा, तेल लावत किंवा चटका देत बसू नका. आणि ज्याला निरोप पाठवला होता त्याला फोन करा.